सी ड्राइव्ह भरला? आधी टेम्प आवरा, फॉरमॅटचं नंतर बघू

बेळगावची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला असते आणि दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया. म्हणजे मंडळांच्या चित्ररथाचे फ्लेक्स आणि लग्नाच्या पत्रिका एकाच पंधरवड्यात. शहापुरात डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या माझ्यासारखीला त्या दिवसांत कंप्युटर अडून बसलेला परवडत नाही, आणि तो नेमका तेव्हाच अडतो. फोटोशॉप म्हणतं स्क्रॅच डिस्क फुल्ल. स्कॅन केलेला कागद सेव्ह होत नाही. प्रिंट दिली की नुसतं चक्र फिरतं. धिस पीसी उघडून बघावं तर सी ड्राइव्हची पट्टी लाल.

अशा वेळी शेजारपाजारचा एक तरी सल्ला ठरलेला असतो: फॉरमॅट मारून टाका की! फॉरमॅट मारला की फॉन्ट गेले, प्रिंटरचे ड्रायव्हर गेले, अर्धा दिवस गेला. त्याच्याऐवजी टेम्पररी फाइली नीट आवरल्या तर बहुतेक वेळा काम भागतं. दुकानात कामाला येणाऱ्या मुलींना मी जे शिकवते तेच इथं लिहून ठेवते. विंडोज १० आणि ११ दोन्हीला चालेल. नावं थोडी इकडंतिकडं असतील तेवढंच.

मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगते: मशीननं स्वतःच्या सोयीसाठी जे तयार केलंय ते टाकायचं, माणसानं जे केलंय त्याला हात लावायचा नाही. दोन्ही एकाच फोल्डरात पडलेलं असू शकतं, म्हणून डोळे उघडे ठेवून डिलीट मारायचं.

आमच्या शहापूर-वडगावात मागावरनं साडी उतरली की खाली सुताचे तुकडे पडलेले असतात. टेम्पररी फाइली तशाच. वर्डमध्ये फाइल उघडली की त्याच फोल्डरात ~$ नं सुरू होणारी एक लपलेली छोटी फाइल तयार होते. ही फाइल कुणीतरी उघडलीय एवढं सांगायचं तिचं काम. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना त्याचे तुकडे आधी टेम्पमध्ये सुटतात. झिप फोडताना, अपडेट उतरवताना, प्रिंट देताना हेच. काम नीट संपलं तर प्रोग्राम स्वतःच झाडून जातो. मधेच लाईट गेली किंवा प्रोग्राम हँग होऊन बंद पडला की ते सगळं तिथंच राहतं. आमच्याकडं पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते हे मी वेगळं सांगायला नको.

आधी किती जागा उरलीय ते बघा

धिस पीसी उघडून सी ड्राइव्हखाली किती जीबी रिकामे आहेत ते कागदावर लिहून ठेवा. नंतर किती मोकळं झालं ते कळायला हवं, नाहीतर उगीच तासभर साफसफाई करून दोन जीबी मिळालेले असतात आणि आपण खूश.

इथं एक शंका हमखास येते. डिस्क २५६ जीबीची घेतली आणि दिसते २३८ जीबीची, दुकानदारानं फसवलं काय? फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या हिशोबानं जीबी मोजतात, विंडोज १०२४ च्या हिशोबानं. आकडा वेगळा दिसतो, जागा तेवढीच असते.

किती जागा रिकामी हवी याचा माझा स्वतःचा ठोकताळा असा: नुसत्या टायपिंगच्या मशीनला पंधरा-वीस जीबी, फोटोशॉप-कोरलच्या मशीनला त्याच्या तिप्पट तरी. का, ते पुढं येईलच.

सगळं बंद करा आणि रिस्टार्ट मारा

हे वगळून पुढं जाऊ नका. चालू असलेल्या सगळ्या फाइली सेव्ह करा, प्रोग्राम बंद करा, मग रिस्टार्ट करा. शट डाऊन करून परत चालू करणं वेगळं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊनमध्ये मशीन पूर्ण मोकळं होत नाही, अर्धा भाग झोपवून ठेवतं आणि सकाळी तोच उठवतं. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं सोडून नव्यानं सुरू होतं. त्यामुळं कुणीतरी धरून ठेवलेल्या टेम्प फाइली सुटतात आणि नंतर डिलीट व्हायला अडत नाहीत. नुसत्या रिस्टार्टनंच थोडी जागा परत आलेलीही तुम्हाला दिसेल.

एकच अपवाद. कोरल किंवा वर्ड मधेच बंद पडलं असेल तर साफसफाईच्या आधी तो प्रोग्राम एकदा उघडा. कोरलड्रॉ आपली ऑटो-बॅकअपची फाइल, तुम्ही दुसरी जागा ठरवून दिली नसेल तर, टेम्प फोल्डरातच ठेवतं. प्रोग्राम परत उघडला की 'ही फाइल सापडली, परत आणू काय' असं विचारतं. त्याआधीच तुम्ही टेम्प झाडून बसलात तर दुपारभर केलेली पत्रिका गेली. वर्डचंही तसंच: आधी उघडून रिकव्हरीची यादी येते काय बघा, हवं ते सेव्ह करून घ्या.

विंडोजच्या हातानं साफ करणं

सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये जा, तिथं स्टोरेज, आणि त्यात टेम्पररी फाइल्स. थोडा वेळ मोजत बसेल, मग यादी येईल. प्रत्येक ओळीपुढं किती जागा खाल्लीय ते लिहिलेलं असतं. यादीतल्या सगळ्या ओळी सारख्या नसतात, म्हणून सगळीकडं टिक मारून मोकळं होऊ नका.

टेम्पररी फाइल्स, टेम्पररी इंटरनेट फाइल्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स, विंडोज अपडेट क्लीनअप: यांना बिनधास्त टिक मारा. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन म्हणजे उतरवलेलं अपडेट दुसऱ्या मशीनना वाटायला म्हणून ठेवलेली प्रत. आपल्या कामाची नाही.

थंबनेल्सला मी हात लावत नाही. फोल्डरातल्या फोटोंची छोटी चित्रं असतात ती. काढली तर मशीन परत तयार करतं, आणि लग्नाच्या अल्बमचा फोल्डर उघडला की पहिल्या वेळी चित्रं उमटायला वेळ लागतो. जागा फारशी मिळत नाही, ताप मात्र होतो.

रिसायकल बिन आधी उघडून बघा, मग टिक मारा. आणि डाउनलोड्स ही ओळ दिसली तर तिथली टिक काढा. पुन्हा सांगते, काढा. डाउनलोड्स फोल्डर टेम्पररी नाही. तिथं लोकांची कामं असतात. ती यादीत का ठेवलीय कोण जाणे. त्या फोल्डरबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन अशी ओळ असेल तर तुमचं नशीब उघडलं. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून पुष्कळ लोकांनी मशीन ११ वर नेलं. तसं केलं की जुनं अख्खं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात बाजूला ठेवलं जातं, म्हणजे पटलं नाही तर मागं येता यावं. मागं येण्याची मुदत दहा दिवसांची, त्यानंतर विंडोज ते स्वतः काढतं. पण कधी कधी राहून जातं, किंवा तुम्हाला दहा दिवस थांबायचं नसतं. तो फोल्डर साध्या डिलीटनं निघत नाही, परवानगीवरून भांडत बसतो. इथूनच टिक मारून काढायचा. बरेच जीबी एका फटक्यात मोकळे होतात. फक्त त्याआधी नव्या विंडोजवर तुमचा प्रिंटर, स्कॅनर आणि कन्नड-मराठी टायपिंग सगळं चालतंय याची खात्री करा, कारण ते काढल्यावर मागचा रस्ता बंद.

जुन्या मशीनवर ज्यांना डिस्क क्लीनअपची सवय आहे त्यांनी तेच वापरलं तरी चालेल. सर्चमध्ये डिस्क क्लीनअप टाइप करा, सी निवडा आणि खालचं 'क्लीनअप सिस्टिम फाइल्स' हे बटण जरूर दाबा, नाहीतर मोठ्या वस्तू यादीत येतच नाहीत. ते टेम्पमधल्या आठवड्याच्या आतल्या फाइली सोडून देतं, म्हणून कालचा कचरा तसाच दिसला तर घाबरू नका.

टेम्प फोल्डर हातानं

विंडोजचं बटण दाबून धरा आणि आर दाबा. छोटी खिडकी येईल. तिथं टक्क्याची खूण, लगेच इंग्रजी लिपीत टेम्प, लगेच परत टक्क्याची खूण, मधे जागा न सोडता: %टेम्प% असं. एंटर मारा. तुमच्या नावाचा टेम्प फोल्डर उघडतो.

इथं लगेच कंट्रोल-ए मारून डिलीट करतात लोक. मी आधी दोन गोष्टी करते. व्ह्यूमधून डीटेल्स निवडते आणि डेट मॉडिफाइडवर क्लिक करून फाइली तारखेप्रमाणं लावते. आजच्या तारखेचं सगळं सोडून द्यायचं. मग टाइपवर क्लिक करते आणि बघते, की या कचऱ्यात वर्डची, एक्सेलची, पीडीएफची, कोरलची ओळखीच्या नावाची फाइल आहे काय.

का, ते सांगते. खानापूरकडचे एक गुरुजी शाळेच्या निकालपत्रकाची एक्सेल फाइल शोधत आले होते. मेलवर झिप आली होती. त्यांनी झिप फोडली नाही; झिप उघडून तिच्या पोटातल्या फाइलवरच डबल क्लिक केलं, सगळे गुण भरले, सेव्ह केलं, बंद केलं. दुसऱ्या दिवशी झिप उघडली तर फाइल कोरी. झिपच्या आतून फाइल उघडली की तिची एक प्रत टेम्पमध्ये सुटते आणि आपण काम त्या प्रतीवर करत असतो. गुरुजींनी घरी साफसफाई केली नव्हती म्हणून ती फाइल टेम्पमधल्या एका विचित्र नावाच्या फोल्डरात बसलेली सापडली. "एवढं केलेलं कुठं जातंय म्हणून मी रात्रभर जागा," म्हणाले. तेव्हा झिप आली की आधी राइट क्लिक, एक्स्ट्रॅक्ट ऑल, आपल्या फोल्डरात काढायची आणि मग उघडायची. मेलमधली फाइलही आधी डाउनलोड करूनच.

बघून झालं की जुनं सगळं निवडा आणि डिलीट मारा. 'ही फाइल वापरात आहे' असा निरोप येईल. तिथं खालच्या चौकोनात टिक मारून स्किप करा, म्हणजे दर फाइलीला विचारत बसणार नाही. जी निघत नाही ती कुणीतरी धरलेली आहे, तिच्या मागं लागू नका. दुसरा टेम्प फोल्डर सी ड्राइव्हमध्ये विंडोज फोल्डराच्या आत असतो. तो उघडताना परवानगी मागतो, कंटिन्यू म्हणा, आणि तिथंही तेच.

डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये गेलंय, जागा अजून मोकळी झालेली नाही. बिन रिकामा केल्यावर ती मोकळी होते. शिफ्ट-डिलीट मारलं तर थेट जातं, पण नव्या मुलींना मी ते बटण शिकवत नाही. मशीनला एसएसडी (नवी, चिपवाली डिस्क) असेल तर 'चुकून गेलं तर रिकव्हरीवाल्याकडून काढून घेऊ' या भरवशावर राहू नका. एसएसडीवर ट्रिम नावाचा व्यवहार चालतो, डिलीट झालेली जागा मशीन मागाहून खरोखर पुसून टाकतं. पेन ड्राइव्हवरनं डिलीट केलेलं तर बिनमध्ये येतसुद्धा नाही.

फोटोशॉपचं पोट

डीटीपीवाल्यांनी हा भाग नीट वाचावा. बाकीच्यांनी सोडला तरी चालेल.

चित्ररथाच्या गाडीला लावायचा वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स घ्या. शंभर डीपीआयला तो २४,००० गुणिले १२,००० ठिपक्यांचा होतो, म्हणजे २८ कोटी ८० लाख ठिपके. सीएमवायकेमध्ये एका ठिपक्याला चार बाइट. म्हणजे काठोकाठ भरलेला एक लेअर ११५ कोटी बाइटचा, एक जीबीच्या वरच. आता त्यात मागं गड, पुढं महाराज, वर ढग, खाली मंडळाच्या कार्यकर्त्यांचे फोटो. त्यावर तुम्ही जे जे कराल ते अंडू करता यावं म्हणून फोटोशॉप मागच्या पायऱ्याही जपून ठेवतं. हे सगळं रॅममध्ये मावत नाही, उरलेलं ते डिस्कवर टाकतं. त्यालाच स्क्रॅच म्हणतात आणि ठरवून दिलेलं नसेल तर ते सी ड्राइव्हवर बसतं. म्हणून म्हटलं, अशा मशीनला रिकामी जागा जास्त हवी.

फोटोशॉप नीट बंद केलं की स्क्रॅच स्वतः पुसलं जातं. लाईट गेली आणि यूपीएसनंही मान टाकली की ते तिथंच राहतं. टेम्प फोल्डरात साइजवर क्लिक करून मोठ्या फाइली वर आणा. 'फोटोशॉप टेम्प' आणि पुढं आकडे अशा नावाच्या गलेलठ्ठ फाइली दिसल्या तर त्याच. फोटोशॉप बंद असताना त्या डिलीट करा. चालू असताना हात लावू नका.

काम मधेच अडलं आणि बंद करायची सोय नसेल तर एडिट मेन्यूमध्ये पर्ज, त्यात ऑल. मागच्या पायऱ्या जातात, म्हणजे अंडू होणार नाही; आधी सेव्ह करा. आणि एकदा निवांत वेळ काढून एडिट, प्रेफरन्सेस, स्क्रॅच डिस्क्समध्ये जाऊन सीची टिक काढून डीला द्या. डी हा त्याच डिस्कचा दुसरा भाग असेल तर वेग वाढणार नाही, पण सी तरी तुंबणार नाही.

कोरलवाल्यांना आणखी एक काम. मूळ फाइलीशेजारीच 'बॅकअप ऑफ' असं लागलेली दुसरी फाइल बसलेली असते. काम चालू असेपर्यंत ती सोनं. पत्रिका छापून, पैसे मिळून, लग्न होऊन गेलं की तिचा काही उपयोग नाही. मी सीझन संपला की कामांच्या फोल्डरात 'बॅकअप' शोधून अशा फाइली एकदम काढते. मूळ फाइल उघडते काय ते आधी बघून, हे सांगायला नकोच.

प्रिंट अडली तर

"अक्का, प्रिंट बर्लिल्ल री." म्हणजे प्रिंट आलीच नाही. समोर गिऱ्हाईक उभं, पहाणीची (कर्नाटकातला सातबारा) पीडीएफ स्क्रीनवर दिसतीय, प्रिंटर गप्प. यादी उघडून कॅन्सल केलं तर 'डिलीटिंग' म्हणत तसंच लटकलेलं. ही टेम्पररी फाइलच आहे, फक्त वेगळ्या जागी अडकलेली.

विंडोज आणि आर दाबून इंग्रजीत सर्व्हिसेस डॉट एमएससी टाइप करा. यादीत प्रिंट स्पूलर शोधा, राइट क्लिक, स्टॉप. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम ३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स. या शेवटच्या फोल्डराच्या आतलं सगळं डिलीट करा. फोल्डर नाही, आतलं. परत सर्व्हिसेसमध्ये येऊन स्टार्ट. प्रिंटर बंद करून चालू करा. चार मिनिटांचं काम आहे, प्रिंटर मेकॅनिकला फोन लावण्याआधी करून बघावं. मोठ्या रंगीत पीडीएफ अडकल्या असतील तर जागाही मिळते.

डाउनलोड्स: जागेपेक्षा दुसरंच मोठं

येळ्ळूरचे मामा पहाणी काढायला येतात, चंदगडकडचे पाहुणे सातबारा काढायला. कुणी आधार, कुणी रेशन कार्ड, कुणी मुलाचं मार्ककार्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून प्रिंट काढून नेतं. प्रत्येक वेळी डाउनलोड्समध्ये एक फाइल पडते. तीच फाइल परत उतरवली तर कंसात एक, कंसात दोन. जागेच्या हिशोबानं या फाइली किरकोळ असतात. पण गावातल्या निम्म्या लोकांचे आधार नंबर दुकानाच्या मशीनवर पडून आहेत, आणि पेन ड्राइव्ह घेऊन कोणीही मशीनवर बसतंय, हे मला चालत नाही.

म्हणून आमच्या दुकानात दोन फोल्डर. दुकानाचं स्वतःचं जे आहे, ड्रायव्हर, फॉन्ट, पत्रिकांचे नमुने, ते उतरवल्या उतरवल्या डी ड्राइव्हवर जातं. डाउनलोड्समध्ये राहतं ते फक्त गिऱ्हाइकांचं, आणि ते शटर ओढायच्या आधी बिनसकट रिकामं होतं. कुणी म्हणालं, "असू दे की अक्का, परत लागेल," तर मी त्यांनाच त्यांच्या फोनवर पाठवून देते.

गिऱ्हाइकाला स्वतःच्या मेलमध्ये किंवा कुठल्या पोर्टलवर लॉगिन करायचं असेल तर इन्कॉग्निटो खिडकी उघडून द्या. बंद केली की पासवर्ड, कुकी, कॅश सगळं जातं. पण तिथून डाउनलोड केलेली फाइल जात नाही, ती डाउनलोड्समध्ये राहतेच. हे पुष्कळांना माहीत नसतं.

ब्राउझरची कॅश साफ करायची तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबा. 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' एवढ्यालाच टिक. कुकी आणि पासवर्डची टिक काढा, नाहीतर सगळीकडं परत लॉगिन करत बसावं लागेल. एखादी सरकारी साइट जुनंच पान दाखवत असेल तरी हा उपाय लागू पडतो. फोनवर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज. तिथं मोठ्या फाइली वर लावलेल्या मिळतात. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ आधी.

एकदा लावून द्यायचं

सेटिंग्जच्या त्याच स्टोरेजच्या पानावर स्टोरेज सेन्स आहे. चालू करा आणि आत जाऊन बघा. आठवड्याला चालव, टेम्पररी फाइली काढ, बिनमधलं तीस दिवसांनी काढ, हे ठीक. डाउनलोड्सच्या पुढं मात्र 'नेव्हर' ठेवा. आमचा डाउनलोड्स आम्ही हातानं रिकामा करतो ती गोष्ट वेगळी. घरच्या मशीनवर मुलांचे प्रोजेक्ट, विम्याचे कागद तिथंच पडलेले असतात, आणि मशीननं ते न विचारता काढू नयेत.

डेस्कटॉप मशीन असेल आणि तुम्ही हायबरनेट कधीच वापरत नसाल तर आणखी एक जागा आहे. हायबरफिल नावाची एक लपलेली फाइल सी ड्राइव्हवर असते, रॅमच्या साधारण चाळीस टक्के. आठ जीबी रॅमला तीन जीबीच्या वर. ती हातानं डिलीट होत नाही. सर्चमध्ये सीएमडी टाइप करून राइट क्लिक, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. मग इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, जागा, तिरकी रेघ आणि लगेच एच, जागा, ऑफ. एंटर. फास्ट स्टार्टअपही त्याबरोबर बंद होतं, मशीन उठायला थोडं जड होईल. लॅपटॉपवर हे करू नका. बॅटरी संपत आली की लॅपटॉप तुमचं चालू काम त्याच फाइलीत जपून ठेवतो.

याला हात लावायचा नाही

विंडोज फोल्डरातलं विनएसएक्सएस भलंमोठं दिसतं म्हणून लोक डिलीट करायला जातात. ते विंडोजचं स्वतःचं सामान आहे. त्यातलं काढायचं ते अपडेट क्लीनअपमधूनच. इन्स्टॉलर नावाचा फोल्डर काढला तर पुढं ऑफिस अपडेट होत नाही की अनइन्स्टॉल होत नाही. रॅम कमी पडली की विंडोज जी फाइल वापरतं त्या पेजफाइलला हात नको. प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून विंडोज जिथं नोंदी ठेवतं तो प्रीफेच फोल्डर रिकामा करा असं यूट्यूबवर सांगतात. जागा मिळते चिमूटभर आणि मशीन काही दिवस उलट हळू उघडतं.

आणि फॉन्ट. बेळगावात हे मुद्दाम सांगावं लागतं. आमच्याकडं एकाच पत्रिकेत नवऱ्याकडचं मराठी आणि नवरीकडचं कन्नड असतं. जुन्या पत्रिका श्रीलिपीत, कन्नड मजकूर नुडीत. युनिकोडच्या आधीच्या त्या फाइली तो फॉन्ट नसेल तर उघडतात, पण अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसतो. एका फॉन्टची जागा काही केबी ते एखादा एमबी. ते काढून कुणाचं भलं झालेलं नाही. फॉन्ट फोल्डराची एक प्रत डीवर आणि एक पेन ड्राइव्हवर ठेवाच.

फुकटातली क्लीनर सॉफ्टवेअरं मी दुकानात चढू देत नाही. विंडोज जे स्वतः करतं तेच ती करतात, वर जाहिराती दाखवतात आणि रजिस्ट्री साफ करतो म्हणून नको तिथं कात्री चालवतात. जागा कुठं गेली हे नुसतं बघायचं असेल तर विनडिरस्टॅट चांगलं आहे. रंगीत चौकोनांत दाखवतं, मोठा चौकोन म्हणजे मोठी फाइल. बघायला वापरा; डिलीट करायचं ते त्या फाइलीच्या फोल्डरात जाऊन, नाव वाचून.

एवढं सगळं करूनही पट्टी लालच राहिली तर टेम्पचा दोष नाही. तुमच्या कामाच्या फाइलीच तेवढ्या झाल्यात. मंडळाचा फ्लेक्स छापून गेला की लेअरवाली मूळ फाइल आणि छापायला दिलेली फाइल, एवढ्या दोनच एक्सटर्नल डिस्कवर हलवा. मधल्या 'फायनल', 'फायनल नवीन', 'शेवटचं फायनल' या प्रती कार्यकर्त्यांना फोन करून कुठली छापली ते विचारून काढून टाका. आणि सीची एसएसडी १२८ जीबीची असेल तर मोठी घ्यायला हरकत नाही. घ्यायला जाताना आपल्या मशीनला सॅटावाली बसते की एनव्हीएमईवाली ते मॉडेल नंबर दाखवून विचारा. दोन्ही पट्टीसारख्या मिळतात, दिसायला जवळजवळ सारख्या, आणि चुकीची घेतली तर बसेलसुद्धा पण मशीनला दिसणार नाही.